मायला थंडी सोसेना, परभणीहून कोकणात न्यायचंय, गाडीनं का रेल्वेनं? आन् भाकरीचं काय?

गोदाकाठचा (परभणी):

राम राम मंडळी. डिसेंबर लागला की आमच्या परभणीचं नाव रोज पेपरात, कृषी विद्यापीठात आज इतके अंश, महाबळेश्वरपेक्षा परभणी गार, आन् पुण्याचे पाहुणे फोन करून इचारतेत खरंच का हो. खरंच आहे बाबांनो. दुपारी ऊन चटका देतं आन् रात्री आठनंतर घराच्या भिंतीच गार पडतेत, गादी ओली असल्यासारखी लागते.

आम्हाला सवय आहे पण मायचं अवघड झालंय. वय ६८, संधिवात, सकाळी उठल्यावर बोटं मिटत नाहीत, चहाचा कप दोन्ही तळव्यात धरती. गावाकडं धाकट्या भावापाशी होती, तिथं तर विचारू नका, लाईट एक आठवडा दिवसा एक आठवडा रात्री, रात्रीची पाळी आली की भाऊ बारा वाजता गव्हाला दारं धरायला जातो आन् ही त्याच्यासाठी जागी, चूल पेटवून बसती, पोरगं गारठून येईल म्हणून. शेवटी मीच उचलून परभणीला आणली. डॉक्टर म्हणाले औषध चालू ठेवा आन् थंडीत जरा जपा. बायकोनं डोकं चालवलं, म्हणाली दरवर्षी सुट्टीत पोरांना थंड हवेच्या ठिकाणी नेता, यावर्षी उलटं करू, उबेला जाऊ.

तर कोकण ठरायलंय. मी, बायको, माय, दोन पोरं (चौथी आन् नववी). सात शिटी गाडी आहे, चालवणारा मी एकटा. प्रश्न असे:

नाताळात जावं का नंतर? गणपतीपुळे बरं का मालवण? एवढं लांब गाडीनं मायच्या गुडघ्याला झेपंल का रेल्वेनं जावं? आन् ती भात खाऊन राहत नाही, ज्वारीची भाकर लागती, तिकडं मिळती का?

मायनं समुद्र पाहिलेला नाही. तिचं म्हणणं, "समुद्र बघून काय करू, आपली गंगा हाय की." गंगा म्हणजे गोदावरी, बाहेरच्यांनी गोंधळू नये.

लातूरची लेक:

दादा आम्ही मागच्या साली हेच केलं आणि पहिल्याच रात्री चुकलो म्हणून सांगते. आम्हाला वाटलं रात्री निघावं, रस्ता मोकळा, लेकरं झोपून जातील, सकाळी कोल्हापूर. नऊला निघालो आणि सोलापूरच्या पुढं माळरानावर जी थंडी लागली, हिटर लावला की सासूबाईंना गुदमरायला व्हायचं, बंद केला की पाय काकडायचे, मग काच जरा खाली, परत वर, असं करत पहाटे चारला एका टपरीवर उतरलो तर सासूबाईंना गाडीतून पायच काढता येईना. थंडीपासून पळायला निघालो आणि सगळ्या हिवाळ्यातली थंडी त्या एका रात्रीत खाल्ली. लेकरांना सर्दी ती वेगळीच.

म्हणून सांगते, उन्हात प्रवास करा. सकाळी धुई उठल्यावर नऊ-दहाला निघायचं, दिवस मावळायच्या आत मुक्काम. पहिला मुक्काम पंढरपूर करा. गंगाखेड, परळी, अंबाजोगाई, लातूर, तुळजापूर, सोलापूर आणि मग पंढरपूर, तुळजापूरला वाकडं जावं लागत नाही, रस्त्यातच आहे. आईला समुद्र नको असेल पण विठोबा नको कोण म्हणेल? निघायला तयार करायला हेच कारण सांगा, समुद्राचं नावच काढू नका.

दर दीड-दोन तासाला थांबा, त्यांना दहा पावलं चालवा. आणि मागच्या सीटवर बसवू नका, मधल्या रांगेत दाराजवळ, पायाखाली एक उशी किंवा पिशवी.

भाकरीचं: पीठ घरून न्या. पाच किलो. हसू नका.

हुरडा आणि हरभरा:

काय राव, थंडीत परभणी सोडून जाता? आत्ता तर आपल्याकडं खाण्याचे दिवस. हुरडा यायलाय, हरभऱ्याचे ढाळे, बोरं, गाजरं, वेळ अमावस्येचं आंबिल आन् भज्जी, ही थंडी हाय म्हणून हुरड्याला गोडी हाय. कोकणात जाऊन काय, घाम पुसत बसायचं. मायला सकाळी उन्हाला बसवा, शेकोटी करा, तिळाचं तेल कोमट करून बोटं चोळा. चाळीस हजार वाचतील.

गोदाकाठचा:

दादा हुरडा तुम्ही खा आन् आमच्या वाट्याचा पण खा. शेकोटी करून, तेल चोळून, गरम पाण्याची पिशवी, सगळं झालं. आन् येळवस (वेळ अमावस्या) करूनच निघणार, ती सोडली तर माय पंढरपूरलासुद्धा यायची नाही.

लातूरच्या ताई, विठोबाची आयडिया चालली बघा. आत्ताच सांगून आलो, पंढरपूरला जायचंय म्हणलं, लगेच म्हणाली माझं हिरवं लुगडं इस्त्रीला दे.

माजलगावचा रत्नागिरीकर:

मी मूळचा बीडकडचा, नोकरीसाठी रत्नागिरीत नऊ वर्षं. तुमचा प्रश्न वाचून गंमत वाटली, कारण तुम्ही थंडीतून पळायलात आणि इथं माझे घरमालक रोज सकाळी उठून थंडी पडली का बघतात. आंब्याला मोहोर यायला थंडी लागते. थंडी नीट पडली नाही की हापूसवाल्यांचे चेहरे उतरतात. पण ही इथली थंडी म्हणजे काय, पहाटे अठरा-एकोणीस, पंखा एकवर. लोक मफलर बांधून फिरतात, मला हसू येतं.

आता मुद्द्याचं. कोकण म्हणजे सगळीकडं ऊब असा गैरसमज करून घेऊ नका. समुद्र म्हणजे चुलीवरून उतरवलेलं मोठं पातेलं, लवकर गार होत नाही, त्यामुळं त्याच्या कडेकडेनं ऊब. आपल्याकडं हवा कोरडी, आभाळ निरभ्र, दिवसभर तापलेली जमीन रात्री सगळी ऊब वर सोडून देते, त्यात उत्तरेचा वारा. इथं हवेत ओल असते म्हणून रात्र तेवढी गार होत नाही. पण किनारा सोडून आत गेलात, डोंगरात चढलात की खेळ बदलतो. दापोली उंचावर आहे, तिथं चांगलीच थंडी पडते, लोक मिनी महाबळेश्वर म्हणतात. (कृषी विद्यापीठं थंड गावं बघूनच काढतात की काय, दापोलीतही एक आहे.) तिकडं जायचंच तर खाली कर्दे, मुरूडला राहा, दापोली गावात नको. आंबोलीचं नाव कोणी सांगितलं तर सरळ नाही म्हणा, ते घाटमाथ्यावर आहे, तिथं तुमची परभणीच भेटायला येईल.

मुक्काम समुद्रापासून चालत जाता येईल असाच बघा, आणि खोली तळमजल्याची मागा. हे फोनवर स्पष्ट विचारायचं, नाहीतर "सी व्ह्यू" म्हणून दुसऱ्या मजल्यावर चढवतात आणि लिफ्ट नसते. दुसरं, कमोड आहे का. तिसरं, गरम पाणी किती वाजेपर्यंत. सोलरचं असेल तर सकाळी सहाला मिळेल का हे पण.

गणपतीपुळे का मालवण म्हणाल तर आईसाठी गणपतीपुळे. देऊळ किनाऱ्यालाच, मागची टेकडीच देव मानतात म्हणून प्रदक्षिणा टेकडीला, साधारण किलोमीटरभर, वाट बांधलेली आहे, जमलं तर करतील नाहीतर देवळापुढं बसतील. मालवणात सिंधुदुर्ग किल्ला बघण्यासारखा, शिवाजी महाराजांनी १६६४ ते १६६७ मध्ये भर समुद्रात बांधला, पण होडीत चढउतार करावी लागते, होडी हलते, संधिवातवाल्या माणसाला तिथं हात धरून ओढतात ते बघवत नाही. नववीतल्या पोराला मात्र तो किल्ला दाखवायलाच पाहिजे. मग एक दिवस आई आणि तुमच्यापैकी एकजण काठावर.

एक गोष्ट कळकळीची. गणपतीपुळ्याच्या समुद्रात पोरांना गुडघ्याच्या वर जाऊ देऊ नका. दिसतो शांत, पण आतल्या आत ओढ आहे, दरवर्षी माणसं जातात, आणि त्यात घाटावरची जास्त असतात कारण आपण नदीत, विहिरीत पोहलेले, आपल्याला वाटतं येतंय पोहायला. तिथं पाट्या आहेत, जीवरक्षक शिट्टी मारतात, त्यांचं ऐका.

रत्नागिरीत एक दिवस ठेवा. टिळकांचा जन्म १८५६ चा इथलाच, ते घर आहे. थिबा पॅलेस बघा. ब्रह्मदेशाच्या राजाला इंग्रजांनी १८८५ मध्ये गादीवरून काढलं आणि इथं आणून ठेवलं, वाडा १९१० मध्ये झाला, १९१६ मध्ये राजा इथंच वारला. पोरांना ही गोष्ट आवडते. पावसला स्वामी स्वरूपानंदांची समाधी, शांत जागा, आईला तिथंच बसावंसं वाटेल.

तारीख: पंचवीस डिसेंबर ते एक जानेवारी येऊ नका. खोल्यांचे भाव दुप्पट-तिप्पट आणि रस्त्यावर गाड्यांची रांग. संक्रांत करून या, मोकळं असतं. पोरांची चार दिवस शाळा बुडाली तर बुडाली. मालवणकडं जाणार असाल तर आंगणेवाडीच्या जत्रेची तारीख आधी बघून ठेवा, ती देवीच्या कौलावर ठरते, त्या दिवसांत तिकडं पाय ठेवायला जागा नसते.

नांदेड पॅसेंजर:

रेल्वेचं मी सांगतो. नांदेड-पनवेल एक्सप्रेस परभणीवरून जाती, परळी, लातूर, कुर्डूवाडी, पुणे करत सकाळी पनवेल. तिथून कोकण रेल्वेच्या गाड्या मिळतेत रत्नागिरीला, नेत्रावतीसारखी दुपारची बघा म्हणजे पहिली गाडी उशिरा आली तरी जीव वर-खाली होत नाही, आन् वेळ एकदा तपासून घ्या, बदलत राहती. पण दोन रिझर्वेशन, मधी पनवेलचा पूल चढणं, सामान, आन् मायला खालचा बर्थ मिळालाच पाहिजे. ज्येष्ठांची तिकिटातली सूट २०२० च्या मार्चपासून बंद आहे, तेव्हा ते गणित धरू नका. एसीत बसवलं तर रात्री ब्लँकेट दोन मागा, स्लीपरमध्ये खिडक्या कितीबी बंद करा, हवा येतीच. लातूरच्या ताई म्हणतेत ते खरंय, थंडी प्रवासात लागती.

कोल्हापूरपर्यंत रेल्वे आहे आपल्याकडून पण आठवड्यातून मोजके दिवस, आन् कोल्हापूरहून खाली कोकणात रूळच नाहीत, पुढं एस्टी. एस्टी वाईट नाही हां. २०२३ च्या मार्चपासून बायकांना अर्धं तिकीट, पंच्याहत्तरच्या वरच्यांना त्याच्या आधी, २०२२ पासूनच फुकट.

तरीबी तुम्ही पाचजण, पोरं, पीठ, तवा, गाडीच बरी. फक्त आंबा घाट दिवसाउजेडी उतरा. आन् गाडी वाळूत घालू नका! आम्ही घातली होती. फोटोसाठी. भरती-ओहोटी काय असती आपल्याला काय माहीत, आपल्याकडं पाणी धरणातून सोडलं तरच वाढतं. चाकं रुतली, आन् पाणी हळूहळू जवळ यायलंय, बायको ओरडायली, पोरगं व्हिडिओ काढायलंय. गावातल्या पाच-सहा जणांनी दोर लावून काढली, पैसे घेईनात, मीच जबरदस्तीनं दिले. गाडी धुतली तरी वर्षभर खालून गंज निघत होता.

औंढ्याचा पाहुणा:

रामेश्वरला न्या की मायला, देव पण होईल आणि ऊब पण. कोकण काय, कधीपण होतं.

माजलगावचा रत्नागिरीकर:

@औंढ्याचा पाहुणा, डिसेंबरात तमिळनाडूत पावसाळा असतो बरं का, त्यांचा मुख्य पाऊसच ऑक्टोबर ते डिसेंबर. जानेवारी संपताना किंवा फेब्रुवारीत ठीक. पण ६८ वर्षांच्या बाईला दोन दिवस रेल्वेत बसवण्यापेक्षा हे जवळ आहे.

लातूरची लेक:

आणि दादा, औषधांचं राहिलं. गोळ्या दोन ठिकाणी ठेवा, अर्ध्या पर्समध्ये अर्ध्या बॅगेत. आमची गोळ्यांची पिशवी पंढरपूरच्या लॉजवर राहिली होती, कोल्हापुरात चिठ्ठीशिवाय त्या नावाची गोळी मिळेना. चिठ्ठीचा फोटो मोबाईलमध्ये ठेवा.

गोदाकाठचा:

सगळ्यांचे आभार. ठरलं. संक्रांत झाली की गाडीनं, पंढरपूर मुक्काम, मग गणपतीपुळे तीन रात्री, रत्नागिरी एक. मालवण पुढच्या वेळी. येऊन सांगतो.

गोदाकाठचा (जानेवारी संपता संपता):

आलो बरं का. बऱ्याच जणांनी विचारलं म्हणून लिहायलो, जरा लांब होईल.

दहाला निघालो. त्या दिवशी धुई इतकी की नऊपर्यंत समोरचं लिंबाचं झाड दिसंना. माय दोन स्वेटर, त्यावर शाल, कानाला पट्टी, पायात पोराचे क्रिकेटचे मोजे. तुळजापूरला दर्शनाची रांग मोठी होती, बाहेरूनच कळसाला हात जोडले. पंढरपुरात सहाला पोचलो. सकाळी मुखदर्शन झालं आन् मंदिराच्या बाहेर आल्यावर म्हणाली, चला आता घरी. तेव्हा सांगावं लागलं. गाडीत सांगोल्यापर्यंत माझ्याशी बोलली नाही. "म्हातारीला फसवून न्यायलेत" असं नातीला ऐकवत होती, मला ऐकू यावं म्हणून जरा मोठ्यानं.

मिरज-कोल्हापूर करत आंब्याला चार वाजले. घाटात रस्त्याचं काम चालू होतं, धूळ लई, पण उजेड होता. घाट उतरायला लागलो आन् अर्ध्या तासात पहिला स्वेटर निघाला. साखरप्याच्या आसपास शाल. पालीला चहाला थांबलो तर कानपट्टी पण काढली आन् म्हणती, "इथं उन्हाळा लागला काय?" मी काही बोललो नाही. मोजे मात्र शेवटपर्यंत काढले नाहीत, परत परभणीला येईपर्यंत.

तळमजल्याची खोली मिळाली, रत्नागिरीकर दादांचे तिन्ही प्रश्न फोनवर विचारले होते, तिसऱ्या ठिकाणी तिन्हीचं हो आलं. घरमालकीण बाईंनी पहिल्या रात्री भात, कुळथाची पिठी, सोलकढी, तांदळाची भाकरी वाढली. मायनं भाकरी हातात घेऊन उलटीपालटी करून बघितली. "तांदळाची? आन् ज्वारी कुठं गेली?" दुसऱ्या दिवशी स्वतःच त्यांच्या चुलीपुढं जाऊन बसली, आपलं पीठ काढलं, भाकरी थापली. मालकीण बाई बघायला, मग त्यांची सून, मग शेजारची. बोटं मिटत नाहीत म्हणणारी बाई, सात भाकरी. आता ती ऊब होती का तोरा होता ते मला सांगता येत नाही. डॉक्टरला सांगितलं तर ते नुसते हसले. परत आल्यावर चार दिवसांत बोटं पुन्हा आखडायलीत, ते पण खरं सांगतो, समुद्रावर जाऊन संधिवात बरा होतो असं कोणी वाचून घेऊ नका. पण ते चार दिवस ती पहाटे उठून एकटी अंगणात येऊन बसायची, परभणीत दहाच्या आत पांघरुणाबाहेर येत नव्हती.

समुद्राचं. पहिल्या दिवशी लांबूनच बघितला, "लई हाय" एवढंच म्हणाली. दुसऱ्या दिवशी घोट्यापर्यंत पाण्यात उभी राहिली, मोज्यासकट. खाली वाळू सरकायली की घाबरून माझा दंड धरायची. मग तिला वाटलं पाणी खारं असतं हे लोक उगाच सांगतेत, म्हणून ओंजळ भरून चाखलं. थुंकली नाही, गिळलं. म्हणली, "आन् हे एवढं सगळं वाया?" रात्रीच्या पाळीत गव्हाला पाणी देणाऱ्या पोराची माय ती, दुसरं काय म्हणणार.

पोरं गुडघ्याच्या वर गेली नाहीत, एकदा शिट्टी वाजली पण ती आमच्यासाठी नव्हती. थिबा राजाची गोष्ट पोरीला इतकी लागली की परत येताना कोल्हापूरपर्यंत तोच विषय, राजाला घरची आठवण येत असेल का, त्याला तिकडची भाकरी मिळायची का. खर्च बेचाळीस हजार झाला, डिझेलच जास्त. पीठ दीड किलो उरलं होतं, ते मालकीण बाईंना दिलं, त्यांनी कोकम दिलं.

आन् मायनं येताना पाण्याची रिकामी बाटली भरून समुद्राचं पाणी आणलंय. मला वाटलं देवघरात ठेवील. नाही. फ्रीजवर ठेवलीय, गावाकडनं कोणी आलं की झाकणभर चाखायला देती.

हुरडा आणि हरभरा:

आमी पुढच्या रविवारी परभणीत हाओत दादा, चहा चालेल, बाटली नको.